राजीखुशीने

“आता जे सांगतो ते तुमच्यातल्या एकालेबी पटनार नाई. अन् पटलं तं मले कळवा, मी गोष्ट बदलून टाकीन.”

श्रावणने फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि घसा खाकरून पुढे वाचायला घेतलं. राजापेठेतल्या नितेशच्या बियाण्याच्या दुकानात दुपारी बाराच्या सुमाराला गिऱ्हाइकं कमी आणि बसणारे जास्त असतात. त्या दिवशी गल्ल्यामागे स्वतः नितेश, स्टुलावर श्रावण, आणि सरकीच्या ढेपेच्या पोत्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेला गोवर्धन मेहरे, एवढेच होते.

“‘यंदाच्या वैशाखात आमच्या वावरात ऊन असं पडलं का मिरच्या झाडावरच भाजल्या,’” श्रावण वाचत होता. “‘दुपारी वावटळ आली. तिनं धुऱ्याच्या बांधावरचं मिठाचं पोतं फोडलं, मिरच्या तोडल्या, अन् दोन दगडाईच्या मधात घेऊन अशा रगडल्या का संध्याकाळी मी वावरात गेलो तं ठेचा तयार. मी निस्ती भाकर घेऊन गेल्तो.’”

नितेश हसता हसता गल्ल्यावर वाकला. “हा भोपळेराव एकदा भेटला पायजे. माह्याकडून चहा त्याले.”

गोवर्धनच्या हातात नितेशनेच पाजलेल्या चहाचा कप होता. त्याने तो अलगद खाली ठेवला आणि बाहेर ट्यूशनला निघालेल्या पोरींच्या गाड्या मोजायला लागला. चेहरा असा, की जणू वांग्यावर पडलेली मावा कीड पाहून आलाय.

“खाली कडू कारल्यानं काय लिवलं ते वाच ना,” नितेश म्हणाला.

“लिवलं ना. ‘लबाड. लसूण कुठून आला?’”

आता तिघेही हसले. गोवर्धन सगळ्यांत शेवटी हसायला लागला आणि सगळ्यांत उशिरा थांबला.

भोपळेराव म्हणजे कोण, हे नितेशला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. तशी सोयच होती. नितेशने तीन वर्षांपूर्वी फोनवर ‘वऱ्हाडी मळा’ नावाचा गट काढला, अमरावती-अकोल्याकडच्या भाजीवाल्या, फुलवाल्या शेतकऱ्यांसाठी. त्यात कोणाचा नंबर दिसायचा नाही. आपण ठेवू ते नाव दिसायचं. हे त्याने मुद्दाम केलं होतं. दुकानात चार माणसांदेखत कोणी विचारत नाही, की बाबा, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे काय. मोझरीच्या बाजूला एक पुरस्कारवाला शेतकरी होता, भिंतीवर शाल-श्रीफळाचे फोटो. त्याच्या वांग्याला फूल यायचं आणि गळून पडायचं. तो कोणाला विचारणार? तो ‘काळी माती’ या नावाने विचारायचा, आणि रात्रीतून पाच जण त्याला सांगायचे. अशी चारशेच्या वर माणसं, झेंडू, गाजर, हिरवी मिरची अशी नावं घेऊन एकमेकांना शहाणं करत होती.

“पन काका, हे आता बंद,” नितेश म्हणाला. डोळे पुसून झाले होते आणि आवाज दुकानदाराचा झाला होता. “एक जूनपासून ज्याचं त्याचं खरं नाव. सोताचं, बापाचं नाई तं नवऱ्याचं, आडनाव, गाव. नाव नाई देल्लं त्यानं निस्तं वाचावं, ऐकावं. लिवता-बोलता येनार नाई. अन् जून संपेपर्यंत नाव नाई आलं, तं बाहेर.”

“काहून रे?” गोवर्धनने विचारलं. शक्य तितक्या सहज विचारलं.

“श्रावणभाऊलेच इचारा.”

श्रावणचं हसू कधीच मावळलं होतं. “माह्या कांद्याचं रोप. चौदा वाफे,” तो म्हणाला. “‘अनुभवी’ म्हून एक होता गटात. त्यानं तननाशकाचं माप सांगतलं, म्या मारलं. तिसऱ्या दिवशी वाफे असे पिवळे, जशी हळद वाळू घातली. आता धरू कोनाले? ‘अनुभवी’ नावाचा मानूसच नाई जगात.”

“जबाबदारी पायजे ना काका,” नितेश म्हणाला. “बोलायचं तं नाव सांगून बोला.”

“बरोबर हाये,” गोवर्धन म्हणाला. ते बरोबरच होतं. तिथेच तर अडचण होती.

तो पिशवी घेऊन उठला. नांदगाव पेठेच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याने दोनदा दिवस मोजले. एक तारखेला बावीस दिवस होते. त्यानंतर भोपळेराव मेला तरी चालला असता. तसे त्याने आयुष्यात पुष्कळ भोपळे लावले आणि विकले. पण कडू कारलं गेलं, तर गोवर्धनच्या बहिणीचं त्याच्याशी असलेलं बोलणं बंद होणार होतं. आणि बहिणीला तर तिच्या भावाशी आपलं बोलणं चालू आहे हेच माहीत नव्हतं. निदान गोवर्धनला तसं वाटत होतं.

गोवर्धन लहानपणापासून थापाड्या. बाप देवराव सकाळी भाज्यांचं गाठोडं घेऊन बाजारात जायचा आणि मागे पोराला वावर राखायला ठेवायचा. संध्याकाळी पोरगं घरी यायचं ते रोज नवं काहीतरी घेऊन. विहिरीत मगर दिसली. मुळा उपटला तर खालून पाणी उडालं. वाघ आला आणि काकड्या हुंगून गेला. आई भाकर थापता थापता ऐकायची, बाप बिडी विझवून ऐकायचा, आणि आईच्या मागे, लुगड्याचा काठ धरून उभी असलेली चार वर्षांनी धाकटी पार्बता सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच शब्द बोलायची.

“लबाड.”

एवढंच म्हणून थांबायची नाही. नेमकी भोकावर बोट ठेवायची. “वाघ होता तं बकऱ्या काहून नाई वरडल्या?”

बाप पोट धरून हसायचा. म्हणायचा, “याची गोष्ट हिच्याबिगर पुरी होतच नाई. अर्धी हा सांगते, अर्धी हे.” पुढे पुढे गोवर्धन मुद्दाम गोष्टीत एक भोक ठेवायला लागला. कुठे ठेवलंय ते तिला सापडतं का, ते पाहायला. तिला नेहमी सापडायचं.

पार्बता अकोल्याला दिली. मोतीराम गिऱ्हे सज्जन माणूस, मोर्णा नदीच्या काठाला थोडी जमीन, कोथिंबीर-मेथी काढणारा. दरवर्षी भाऊबीजेला गोवर्धन एसटीने अकोल्याला जायचा. ती ओवाळायची, हा ताटात लुगडं ठेवायचा, जेवताना एक गोष्ट सांगायचा आणि तिच्याकडून ‘लबाड’ ऐकून परत यायचा.

आई आधीच गेली होती; बाप गेला त्या वर्षी वावराचा प्रश्न निघाला. चार एकर काळी माती, कारखान्यांच्या रस्त्याला लागून. सातबाऱ्यावर दोघांचं नाव चढलं. गावात रीत अशी, की बहीण हक्क सोडून देते. कोणी मागत नाही, कोणी नाही म्हणत नाही. अर्जनवीस म्हणाला, उशीर करू नका, उद्या जावई बदलतात. गोवर्धनला त्यात वावगं काही दिसलं नाही, हे खरं. आणि तोंडाने मागायची लाज वाटली, हेही खरं. म्हणून त्याने ते केलं, जे कोणत्याच थापेत त्याला सुचलं नसतं. भाऊबीजेला पार्बताने ओवाळल्यावर त्याने ताटात लुगडं ठेवलं, आणि लुगड्याच्या घडीखाली हक्कसोडाचा कच्चा कागद ठेवला.

तिने लुगडं उचललं. कागद दिसला. तिला वाचायला येत होतं. निरांजन अजून जळत होतं, ते तिने बोटाने शांत केलं आणि विचारलं,

“कोनत्या तारखेले येऊ?”

ठरल्या दिवशी ती अमरावतीला आली. एकटी, रोजच्याच लुगड्यात. नोंदणीच्या कचेरीत कारकुनाने कागद भराभर वाचून दाखवला. ‘मी, सौ. पार्बता मोतीराम गिऱ्हे, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय…’ मग त्याने सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, “खुशीनं देता ना ताई?”

पार्बता म्हणाली, “हो.”

फोटो काढणारा “वर पाहा, ताई, वर पाहा,” म्हणत राहिला; तिने पाहिलं नाही. अंगठ्याची शाई तिने भिंतीला पुसली. गोवर्धन म्हणाला, चल घरी, तुह्या रुख्मिणी वहिनीनं सैपाक केला. ती कचेरीतून निघाली ती सरळ बसस्टँडवर गेली. जन्मभर त्याचं खोटं पकडत आलेली पोरगी एकदाच खोटं बोलली, आणि तेही पूर्ण नाव सांगून, साक्षीदारांपुढे, सरकारी कागदावर.

त्यानंतर अकरा वर्षं ती आली नाही. त्याने दोन भाऊबिजांना फोन केला. एकदा मोतीरामने उचलला, “ते भाजी खुडाले गेली,” म्हणाला. दुसऱ्यांदा कोणी उचललाच नाही.

गावात लोक विचारायचे, पार्बता दिसत नाही. आधी गोवर्धन एवढंच सांगायचा, की तिनं राजीखुशीनं लिहून दिलं. मग जीभ आवरेना. दुसऱ्या वर्षी त्यात पेढे आले. तिसऱ्या वर्षी साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. गंमत अशी, की गोवर्धनने आयुष्यभर सांगितलेल्या शेकडो गोष्टींपैकी गावाने विश्वास ठेवला तो एवढ्याच एका गोष्टीवर.

कडू कारलं कोण ते त्याला कळलं पडवळामुळे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात भोपळेरावाने लिहिलं होतं, की आमच्या बापाचं पडवळ एवढं लांब यायचं की विहिरीला दोर लागत नसे. पडवळालाच बादली बांधायचो. खाली लोक हसून गेले. मग कडू कारल्याचं उत्तर आलं. अकोल्याचं कोणीतरी आहे एवढंच तोवर माहीत होतं.

“लबाड. पडवळ तसं लांब होत नाई, ते गुंडाळते. खाली दगड बांधला तरच सरळ येते. अन् दगड सुतळीनं बांधत नसत, सुतळी देठाले कापते. लाल चिंधीनं बांधत.”

गोवर्धन तेव्हा मांडवाखालीच उभा होता. वर पडवळं लोंबत होती, प्रत्येकाच्या टोकाला दगड, आणि प्रत्येक दगडाला लाल चिंधी. तसं बांधणारा या पंचक्रोशीत एकच माणूस होऊन गेला, देवराव मेहरे. आणि चिंध्या असायच्या आईच्या जुन्या लाल लुगड्याच्या, ज्याचा काठ धरून एक पोरगी उभी राहायची.

त्याने लिहिलं, “तुमाले कसं मालूम?”

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. “असंच.”

त्यानंतर त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर नाव सांगावं लागलं असतं, आणि आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं. तो गोष्टी टाकत राहिला, ती भोकं शोधत राहिली. मधून मधून काम निघायचं. तिच्या दोडक्याला करपा आला तेव्हा त्याने सांगितलं, त्याच्या पालकाच्या पानांवर जाळी पडली तेव्हा तिने सांगितलं. एकदा तिने लिहिलं, की आज गुडघे फार दुखून राहिले, खुडायला बसवत नाही. भोपळेरावाने तिला कमरेला बांधून बसायचं लाकडी बूड कसं करायचं ते सांगितलं आणि वर म्हणाला, मी असंच बूड बांधून बसलो, उठलो तं मागे मुळ्या फुटलेल्या. “लबाड,” तिने लिहिलं, “पन बूड चांगलं हाये. बनवून घेतलं.”

हे सगळं त्याच्या बायकोला, रुख्मिणीला, माहीत होतं. नवऱ्याच्या फोनमध्ये काय चाललंय ते तिला वाचता येत नव्हतं, पण त्याच्या तोंडावर वाचता येत होतं.

“सरळ फोन लावा ना तिले,” त्या दिवशी तो राजापेठेतून आल्यावर ती म्हणाली. ती मिरच्या निवडत होती, लाल एकीकडे, हिरव्या एकीकडे. “नंबर तं हाये.”

“काय म्हनू?”

“म्हना, मी गोवर्धन.”

“मंग ते ठेवून देईन.” तो तिच्याजवळ बसला आणि लाल मिरच्या हिरव्यांत टाकायला लागला. “ते भोपळेरावासंग बोलते. गोवर्धनसंग नाई बोलत.”

रुख्मिणीने त्याचा हात बाजूला केला. “तिले मालूम नसन असं वाट्टे तुमाले? दगडाची चिंधी तिनं सांगतली ना? तुमी नाई इचारली.”

 हा विचार त्याने दोन वर्षं दाराबाहेर उभा ठेवला होता.

महिना संपत आला तशी गटात कुरबुर सुरू झाली. कोणी म्हणे बरं झालं, कोणी म्हणे आम्ही चाललो. अठ्ठावीस तारखेला कडू कारल्याने लिहिलं, “खरं नाव लिवा म्हनता. लिवलं असतं. कोनतं लिवू तेच ठरत नाई.”

खाली थट्टा झाली. “आधार कार्डावरचं लिवा बाप्पा.” “कारल्याले किती नावं असते?” गोवर्धनने चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. मग चपला घालून तो नितेशकडे गेला.

“एखाद्याले सूट देता येईन काय?”

“कोनाले?”

“ते कारलं. चांगलं सांगते लोकाईले. कोनाचं वाईट केलं नाई.”

“काका, एकाले सूट देल्ली का मंग सगळे कारले होतीन,” नितेश म्हणाला. मग त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. “तुमाले काय पडलं कारल्याचं?”

“मले काय,” गोवर्धन म्हणाला आणि नको असलेली गवारीची एक पुडी विकत घेऊन आला.

एक जूनला सकाळी लग्नघरासारखी गडबड उडाली. जो तो नाव टाकत होता आणि बाकीचे तोंडात बोट घालत होते. ‘गाजर’ निघाला पोलिसातून निवृत्त झालेला. ‘हिरवी मिरची’ म्हणजे तिवसा भागातली एक सासू आणि ‘झेंडू’ ही तिचीच सून. दोघी दोन वर्षं एकमेकींना जी-जी करत आल्या होत्या. ‘काळी माती’ने नाव टाकलं नाही. भिंतीवर शाली होत्या त्याच्या. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो ‘अनुभवी’ रातोरात नाव न सांगताच निघून गेला होता.

गोवर्धनने चष्मा लावून एका बोटाने लिहिलं: गोवर्धन देवराव मेहरे, नांदगाव पेठ.

पहिला फोन नितेशचा. “काका, तुमी? पोत्यावर बसून ऐकत होते अन् तोंडातून सबूद नाई?”

“तुहा चहा चांगला असते,” गोवर्धन म्हणाला.

आठवड्याने त्याने पहिली गोष्ट टाकली, खऱ्या नावाने. आमच्या विहिरीला यंदा एवढं पाणी, की मोटार पोहून वर आली. एरवी यावर धिंगाणा झाला असता. खाली एकाने लिहिलं, “काका, तुमची विहीर तं मार्चातच आटली होती, मी पाह्यली.” दुसऱ्याने लिहिलं, “मोटार जळली असन तं सांगा, माह्या मेव्हण्याचं दुकान हाये.” तिसरा गावचाच होता. त्याने विचारलं, “काका, तब्येत बरी हाये ना?”

लबाड असं कोणीच म्हणालं नाही. भोपळेराव सांगायचा ती गोष्ट होती; गोवर्धन मेहरे सांगतो ती माहिती झाली, आणि माहिती म्हणून ती चुकीची होती.

प्रश्नही आटले होते. लाल त्रिकोणाचं आता कोणी विचारत नव्हतं. नितेशच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याने दर रविवारी चार वाजता फोनवरच तोंडी बैठक घ्यायची टूम काढली. जो ऐकत असेल त्याचं नाव पडद्यावर दिसे, जो बोलेल त्याच्या नावाभोवती गोल उजळे.

जूनच्या दुसऱ्या रविवारी गोवर्धन पडवीत बसला. आभाळ भरून यायचं आणि तसंच पुढे जायचं. रुख्मिणी समोर पालकाच्या जुड्या बांधत होती. फोन उलट्या टोपलीवर उभा करून ठेवला होता आणि त्यावर ऐकणाऱ्यांची नावं होती, एकाखाली एक, आडनावासकट, गावासकट, मतदार यादीसारखी. यादीच्या तळाशी, नाव न दिलेल्यांत, माइकवर काट मारलेलं एकच टोपण नाव त्या दिवशी दिसत होतं. कडू कारलं.

रोगराईचं बोलून झालं.  कोणाला काय बोलावं ते सुचेना. नितेश म्हणाला, “गोवर्धनकाका, एखांदी होऊन जाऊ द्या. तोंडानं सांगान तं मजा येईन.”

गोवर्धनने रुख्मिणीकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं.

“आता जे सांगतो,” तो म्हणाला, “ते कोनाले पटाले नाई पायजे. पन अकरा वर्सं झाले सांगून राहिलो अन् सगळ्याईले पटून राहिलं.”

रुख्मिणीच्या हातातली जुडी अर्धीच राहिली. “गाव ऐकून राहिलं,” ती हळूच म्हणाली. “माहे भाऊबी हायेत त्याच्यात.”

“हायेत ना,” गोवर्धन म्हणाला आणि पुढे बोलायला लागला. “एक भाऊ होता. त्याले एक बहीण. बाप गेला, चार एकर ठेवून गेला. भावानं बहिनीले काई मांगतलं नाई. एका सबदानं नाई. भाऊबीजेले गेला, लुगडं ताटात ठेवलं अन् आला. बहीणच म्हने, दादा, मले वावर काहाले पायजे, मी लिहून देतो.”

तो थांबला. तळाचं नाव तसंच होतं. त्याने आणखी ताणलं.

“तारखेले अशी आली, नवं लुगडं नेसून, का कचेरीतले लोक उठून उभे राह्यले. अकोल्याहून पाच किलो पेढे आनले. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्याईले वाटले. फोटोवाला म्हने, बाई, हासनं जरा कमी करा, दातच दात येऊन राहिले. कारकुनानं इचारलं, खुशीनं देता ना? तं ते असं जोरानं हो म्हने का बाहेरच्या लिंबावरचे पाखरं उडाले. मंग घरी आली. चार दिवस राह्यली. पडवळाची भाजी खाऊन, पोट भरून गेली.”

एवढी भोकं त्याने एका गोष्टीत कधी ठेवली नव्हती. आंधळ्याला हाताने चाचपून सापडली असती. तो फोनकडे पाहत राहिला. 

श्रावणच्या नावाभोवती गोल उजळला. “वा काका,” तो म्हणाला. आवाज खरोखरच भरून आला होता. “अशी बहीण भेटाले नशीब लागते.”

“खरं हाये,” आणखी कोणी म्हणालं.

गोवर्धनने खाली पाहिलं. जमिनीवर पालकाची सुटी पानं पडली होती. ती तो एकेक करून उचलायला लागला.

“अहो,” रुख्मिणी म्हणाली, “पाहा ना.”

तिला अक्षरं वाचता येत नव्हती, पण तळाचं नाव तिथे नव्हतं हे तिला दिसलं होतं. गोवर्धनने चष्मा वर ढकलला. कडू कारलं यादीतून गेलं होतं.  मग त्याला वर दिसलं. त्याच्या स्वतःच्या नावाला लागून, त्याखालीच, एक नवं नाव आलं होतं. दोन्ही ओळींतले मधले दोन शब्द सारखे होते, एका जुन्या सातबाऱ्यावर होते तसे.

गोवर्धन देवराव मेहरे, नांदगाव पेठ.
पार्बता देवराव मेहरे, अकोला.

“एक नवीन नाव आलं,” नितेशचा आवाज आला. “नमस्कार ताई. माइक चालू केला तुमचा. बोला.”

दुसऱ्या नावाभोवती गोल उजळला. आधी नुसता पंख्याचा आवाज आला, घरातल्या जुन्या पंख्याचा, खडखडणारा. पडद्यावरची सगळी माणसं ऐकत होती. गोवर्धनच्या मुठीत पालकाची पानं होती आणि मूठ मिटली होती.

“लबाड,” फोनमधून आवाज आला. बाईमाणसाचा, थकलेला, पण शब्द तसाच, काठ धरून उभा असल्यासारखा. “पेढे कोनं आनले, दादा? मी तं त्या दिवशी पानीबी न पेता गेल्ती.”